खुर्चीचा हिरवा दिवा

खुर्ची आमच्या कॅज्युअल्टीत आली त्याच दिवशी मी बाबूमामांना म्हटलं होतं, हिच्यात कुठंतरी पाणी मुरतंय. बाबूमामा म्हणजे आमचे शिपाई. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला नव्या पंख्यातपण पाणी मुरताना दिसतंय." ते खोटं नाही. संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, आणि सोनपिंपळच्या ग्रामीण रुग्णालयात सव्वीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर तो कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. माणूस हसत आत आला तरी मी आधी त्याची नखं बघते, निळी तर नाहीत ना म्हणून.

खुर्ची दिसायला दातांच्या डॉक्टरकडे असते तशीच, पण जरा गरिबाघरची. पेशंटनं तिच्यावर चाळीस सेकंद बसायचं. समोर एक कॅमेरा आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला माणसाच्या चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्यावरून तो नाडी मोजतो. पाठीमागच्या रडारला छाती किती वर-खाली होते ते कळतं. हात ठेवायच्या जागी धातूच्या पट्ट्या आहेत, त्यांतून हृदयाच्या विजेची एक रेघ मिळते. मग खुर्ची एका गोड बाईच्या आवाजात विचारते, "काय त्रास होतोय?" तुम्ही काय सांगता आणि सांगताना कुठं धाप लागते, दोन्ही ती ऐकते. आणि डोक्यावरचा दिवा लागतो. लाल म्हणजे पळा. पिवळा म्हणजे दहा मिनिटांत पूर्ण तपासणी आणि बारा रेघांचा ईसीजी. हिरवा म्हणजे गोळी द्या आणि घरी पाठवा.

खुर्चीची एक रेघ आणि ईसीजीच्या बारा रेघा यांत फरक आहे, हे मी ती आल्याआल्याच सगळ्यांना सांगितलं होतं. घराला बारा खिडक्या असताना एकाच खिडकीतून डोकावून आत चोर नाही म्हणण्यासारखं ते आहे. पण माझं कोण ऐकतंय? त्यातून पहिल्याच आठवड्यात एक एसटीचा कंडक्टर खांदा आखडला म्हणून आला आणि खुर्चीनं लाल दिला. बघतो तर खरंच हार्ट अटॅक. तो वाचला, पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आला, आणि त्यातला एक पेढा त्यानं खुर्चीच्या हातावर ठेवला. तो मीच खाल्ला. तोंड गोड झालं, मन नाही.

नियम असा होता की सिस्टरला दिवा ओलांडता येतो. म्हणजे हिरवा असला तरी आपल्या जबाबदारीवर ईसीजी काढता येतो. पण तसं केलं की त्याची नोंद जिल्ह्याला जाते. वर्षात तीनदा उगाच ओलांडला तर खुलासा द्यावा लागतो, आणि खुलाशानंतर माणूस लसींचा फ्रिज सांभाळायला जातो, हे आम्ही शेजारच्या तालुक्यात पाहिलं होतं. मी पहिल्या सहा महिन्यांतच दोनदा ओलांडून बसले होते. दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल निघाला. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

आमच्या भागात द्राक्षं पिकतात आणि त्यांचा बेदाणा होतो. फेब्रुवारी ते एप्रिल शेडमधल्या जाळीच्या रॅकवर माल वाळत असतो, मग गंधकाची धुरी, मग निवडणी. निवडणीला सगळ्या बायकाच. धुरीनं घसा आणि छाती जळजळते, दिवसभर मांडी घालून पाठ धरते, जेवणाला वेळ नाही. त्यामुळे सीझनला आमच्याकडे येणारी प्रत्येक दुसरी बाई एकच सांगते, पित्त झालंय. आणि खुर्ची तिला हिरवा दिवा दाखवते.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती हौसाबाईंच्या वेळी. वय अठ्ठावन्न, मळमळ, पाठ भरून आलेली. दिवा हिरवा. पित्ताची गोळी घेऊन त्या चालत गेल्या. पाचव्या दिवशी त्यांच्या गावच्या आशाताई औषधं न्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, हौसाबाई गेल्या की. कशानं, विचारलं तर म्हणाल्या, झोपेतच. मी एका जुन्या डायरीत त्यांचं नाव लिहिलं. महिन्याभरात त्या डायरीत चार नावं झाली. चारी बायकांची. पुरुष एकही नाही.

मग मी एक उद्योग केला. दुपारी गर्दी नव्हती तेव्हा बाबूमामांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, पित्त झालंय म्हणा.

"मला कुठं पित्त झालंय?"

"म्हणा तर."

ते म्हणाले. दिवा पिवळा लागला. बाबूमामा घाबरले. मग मी बसले आणि तेच शब्द म्हटले. माझी नाडी त्यांच्यापेक्षा जोरात चालली होती, कारण मला रागच आला होता. दिवा हिरवा.

तिथंच माझं ठरलं. बायकांना घरी पाठवायचं हे या खुर्चीला कोणीतरी शिकवलंय. मिरजेला पेशंट पाठवायचा म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सचं डिझेल, तिथला बेड, इंजेक्शन. कुठंतरी पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून कोणीतरी ठरवलं असणार, कोणाचे बेड वाचवायचे ते.

त्या कोणीतरीचा चेहरा माझ्यासमोर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचा. सानिया मुलाणी. खुर्चीच्या कंपनीची इंजिनिअर, वय असेल अठ्ठावीस, पाठीवर सॅक, बोलणं मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच भरवसा वाटत नाही.

"सिस्टर, तुम्ही दोनदा दिवा ओलांडलात," ती एकदा म्हणाली.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता."

"मशीन नोंद ठेवतं. मी फक्त वाचते. तुम्हाला काही वेगळं दिसलं असेल तर मला सांगा. मला ते हवंच आहे."

"काही नाही दिसलं," मी म्हटलं. डायरी माझ्या ड्रॉवरमध्ये होती, किल्ली कमरेला. पुरावा पुरेसा जमेपर्यंत समोरच्याच्या हातात द्यायचा नाही, एवढी अक्कल मला होती. ती मनातल्या मनात हसत असेल असंही मला वाटून गेलं. आता आठवलं की वाटतं, ती बिचारी खरंच विचारत होती.

शालनआक्का आली ती मार्चच्या मध्यावर, दुपारी एकच्या सुमारास. शालन म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. लग्नाकार्यात समोर आलो तर पदर सावरायचा आणि बाजूला व्हायचं, एवढाच संबंध.

कारण आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही दोघी आत्ती म्हणायचो. अकरा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्या एका सकाळी उठल्याच नाहीत. आदल्या दिवशी पित्ताची गोळी घ्यायला रुग्णालयात माझ्याकडे आल्या होत्या तेव्हा चालत-बोलत होत्या. त्यांची खाट आक्काच्या खोलीत होती. म्हातारी माणसाशेजारी जीव सोडते आणि माणसाला कळत नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. तेराव्याला सगळा गोतावळा जेवायला बसला असताना मी आक्काला विचारलं, "तुमच्या उशाला होत्या त्या. तुम्हाला कळलं कसं नाही?" मी नर्स होते, माझ्या विचारण्याला वजन होतं. आक्का काहीच बोलली नाही. वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेली. जी गप्प बसते तिच्याकडे लपवायला काहीतरी असतं, असं मी धरून चालले. त्याच महिन्यात आमच्या चुली वेगळ्या झाल्या.

तर ती दारात उभी होती, एकटी, डोक्याला बांधलेला फडका तसाच, हाताला बेदाण्याचा चिकटपणा.

"काय होतंय, आक्का?"

"काय न्हाई. पित्त झालंय. गोळी दे, शेडचा टेम्पो थांबलाय भाईर."

"बसा."

ती खुर्चीवर बसली. खुर्चीनं गोड आवाजात विचारलं. आक्का म्हणाली, "पित्त." चाळीस सेकंद झाली आणि दिवा हिरवा लागला.

उठताना तिनं खुर्चीचा हात धरला आणि दुसरा हात जबड्याला लावला. "ह्या दाढा ठणकत्यात सकाळपासनं. सीझन झाला की काढूनच टाकते."

"कुठली दाढ?"

"सगळ्याच."

दाढ दुखते तेव्हा माणूस बोट ठेवून दाखवतो. सगळा जबडाच दुखत असेल तर ते दुखणं बहुतेक दाढेचं नसतं. पुरुषाला हार्ट अटॅक आला की तो छातीवर मूठ ठेवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांना पुष्कळदा तसं होत नाही. मळमळतं, पाठ भरून येते, जबडा ओढतो, घाम फुटतो, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं. हृदय तेच, दुखणंही तेच, पण ते दुसऱ्याच दारातून बाहेर पडतं. मी तिच्या मानेमागे हात लावला. कूलर चालू असताना मान ओली होती, आणि गार.

खरं सांगते, मी लगेच हलले नाही. वर हिरवा दिवा होता, आणि माझी तिसरी वेळ. नात्यातली बाई म्हणून केलं असं लोक म्हणाले असते. आणि एक क्षण, फक्त एकच क्षण, मला असंही वाटलं की ही मुद्दाम आलीय, माझी नोकरी घालवायला. संशय घ्यायची सवय लागली की ती अशा वेळीही सुटत नाही. मला त्याची लाज वाटते.

"आक्का, आडव्या व्हा. ईसीजी काढायचाय."

"नगं. रॅकवर माल हाय, आभाळ आलंय. पित्त लिव आन् सोड मला."

हे शब्द मी आधी कधीतरी ऐकले होते. आठवत बसायला वेळ नव्हता. मी खुर्चीचं बटण दाबलं, दिवा ओलांडल्याची शिट्टी वाजली, आणि बाबूमामांना ओरडून डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

कागद बाहेर यायला लागला आणि मला दुसऱ्या रेघेपासूनच दिसलं. दोन, तीन आणि एव्हीएफ, हृदयाच्या खालच्या बाजूच्या तिन्ही रेघा वर उचललेल्या. खालच्या भागाचं रक्त बंद पडलं होतं. डॉक्टर हजारे धावत आले. पोरगा हुशार, पण पास होऊन वर्षच झालेलं. त्यांनी जिभेखालच्या सॉर्बिट्रेटची पट्टी उचलली.

"सर, थांबा. बीपी नव्वद आहे. आधी उजवी बाजू बघू."

खालचा अटॅक असला की कधी कधी उजवं हृदयही त्यात सापडतं. अशा वेळी ती गोळी दिली तर बीपी एकदम कोसळतं आणि माणूस हातातून जातो. मी एक तार काढून छातीच्या उजव्या बाजूला लावली. तिथलीही रेघ वर होती. डॉक्टरांनी पट्टी परत ट्रेमध्ये ठेवली आणि सलाईन जोरात सोडलं. मी आक्काला अ‍ॅस्पिरिन चावायला दिली.

"कडू हाय," ती म्हणाली.

"चावा. अख्खी गिळू नका."

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आमच्या फ्रिजमध्ये असतं. ते दिलं तेव्हा ती दारात आल्याला पस्तीस मिनिटं झाली होती. हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटानं मरतो, म्हणून मी घड्याळ बघून सांगतेय. मग अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि डॉक्टर तिच्यासोबत मिरजेला गेले. मी रिकाम्या कॅज्युअल्टीत उभी राहिले. खुर्चीवर शेवटचं आक्काच बसली होती, त्यामुळे दिवा अजून हिरवाच होता.

सानियाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. ती आली तेव्हा टेबलावर तीन गोष्टी मांडून ठेवल्या होत्या: डायरी, आक्काचा ईसीजी, आणि शेजारी साक्षीला बाबूमामा. आता हिला बरोबर पकडलं, या आनंदात मी होते. आक्का वाचलीय हे कळल्यानं आवाजालाही धार आली होती.

"बायकांना घरी पाठवायला हिला कोणी शिकवलं, ते मला ऐकायचंय," मी म्हटलं.

तिनं डायरी वाचली. बाबूमामांचा आणि माझा प्रयोग ऐकला. मी अपेक्षा केली होती की ती गडबडेल, साहेबांना विचारते म्हणेल. ती म्हणाली, "सिस्टर, हे मला आधी का नाही सांगितलंत? हौसाबाईंनंतरच सांगायला हवं होतं." आणि तिनं सॅकमधून टॅब काढला.

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. खुर्ची आधी देशभरातल्या लाखो पेशंटांच्या नोंदी वाचून शिकते. पण गावागावाची दुखणी वेगळी. आमच्याकडं धुरीनं छाती जळते, दुसरीकडं तसं नसतं. म्हणून तिची शेवटची शिकवणी त्या-त्या रुग्णालयाच्या जुन्या रजिस्टरांवर होते, आणि त्या शिकवणीला सगळ्यांत जास्त वजन असतं. आमची पंचवीस वर्षांची रजिस्टरं स्कॅन करून तिला दिली होती. कोणत्या तक्रारीला काय लिहिलं, घरी पाठवलं की पुढं, आणि पुढं त्या माणसाचं काय झालं, एवढं ती बघते.

"पुढं काय झालं ते रजिस्टरात कुठं असतं?" मी विचारलं.

"नसतं. म्हणून असं धरलंय की पेशंट सात दिवसांत परत आला नाही, तर तो बरा झाला."

परत न येण्याची दोन कारणं असतात, हे खुर्चीला कोणी सांगितलं नव्हतं.

"इथं बघा," सानिया म्हणाली. "बाई, चाळीसच्या पुढची, मळमळ, पाठदुखी, घाम. तेराशे बारा वेळा या रुग्णालयानं तिच्या नावापुढं पित्त लिहून घरी पाठवलंय. पुरुषांना तसंच झालं तर बहुतेक वेळा मिरजेला पाठवलंय. मशीन तेच शिकलं. कोणी मुद्दाम शिकवलेलं नाही." तिनं बोटानं पान सरकवलं. "यातल्या नऊशे चाळीस नोंदींखाली एकच सही आहे. रो. लो. हे कोण?"

बाबूमामा खिडकीबाहेर बघू लागले. रोहिणी लोहार, मी. माझा 'त्त' मी ओळखला. घाईत लिहिलेला, अर्धा खाली ओढलेला.

मी ते का लिहायची, ते सांगायला हवं. रजिस्टरात छातीत दुखणे असं लिहिलं की पेशंटला पुढं पाठवणं सक्तीचं होतं. मिरज म्हणजे सोबत एक माणूस, दोन दिवस, शेड बुडालं. पुरुष असेल तर जायला घरातलं कोणीतरी निघायचंच. बाईबरोबर कोण जाणार? बायकाच हात जोडायच्या, सिस्टर, पित्त लिवा. मी लिहायची. त्यांच्यावर दया करते असं मला वाटायचं. दोन शब्दांऐवजी एक शब्द, तीन मिनिटांत पेशंट मोकळा, सगळे खूश. दयाळू सिस्टर म्हणून शेडमध्ये माझं नाव होतं. आणि त्या बायका खरंच खूश होऊन जायच्या.

"अकरा वर्षांपूर्वीचा एप्रिल दाखवता का?" मी म्हटलं. "आठ तारीख."

तिनं पान काढलं. त्या दिवशी बेदाण्याचा टेम्पो पलटी झाला होता, पान जखमींच्या नावांनी भरलेलं. खालून तिसरी ओळ. द्रौपदा लोहार, वय त्रेसष्ट, सोबत सून. तक्रारीच्या रकान्यात आधी 'छातीत दु' एवढं लिहिलेलं होतं. त्यावर एक आडवी रेघ, नियमाप्रमाणे शेजारी सही, आणि पुढं 'पित्त'.

माझ्या आठवणीत आत्ती गोळी न्यायला आल्या होत्या, एवढंच होतं. खोडलेलं मला आठवत नव्हतं. माणूस आपलं खोडलेलं किती बेमालूम विसरतो. मी मागं सरकून बसले ती नेमकी खुर्चीवरच.

सानिया म्हणाली की दुरुस्ती करता येते. त्या नोंदींमधल्या प्रत्येक बाईचं पुढं खरंच काय झालं, ते घरोघर जाऊन विचारायचं आणि एका तक्त्यात भरायचं. तेवढं दिलं की खुर्ची नव्यानं शिकेल. पण तक्त्यात मूळ नोंद करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, आणि ते जिल्ह्याला जातं. "चौकशी लागेल, सिस्टर. मी खोटं नाही सांगणार." मग ती म्हणाली, "ही एक ओळ तुम्ही सोडलीत तरी मशीनला फारसा फरक पडणार नाही. घरचीच आहे ती."

बारा दिवसांनी आक्का मिरजेहून घरी आली. मी तिच्या सोप्यात अकरा वर्षांनी पाऊल टाकलं. ती खाटेवर बसली होती, चेहरा उतरलेला, पण ओठांना रंग होता. खाटेशेजारच्या स्टुलावर औषधांच्या पट्ट्या नीट लावून ठेवलेल्या. मी त्या मोजल्या. तिनं एकही गोळी चुकवली नव्हती.

मी पिशवीतून त्या पानाची प्रत काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलीय. तिनं बोटानं ओळ शोधली आणि खोडलेल्या जागी बोट थांबलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मीच सांगितलं हुतं की तुला नोंदीच्या खिडकीतनं. छातीत दुखतंय, डावा हात जड पडलाय म्हणून. तू लिवाय लागलीस. तवर आत्ती म्हणल्या, नगं गं, ही मिरजंला धाडंल. रॅकवर माल हाय, आभाळ आलंय, पित्त लिव म्हणावं. तू खोडलंस."

"आणि तेराव्याला मी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"व्हय."

"तेव्हा का नाही बोललात? एक शब्द बोलला असतात तर माझं तोंड बंद झालं असतं."

तिनं पदराचा काठ चिमटीत धरला. "बोलून काय झालं असतं? आत्ती माघारी आल्या असत्या व्हय? तुझी नोकरी गेली असती. भावजींचा कारखाना तवा बंद पडलेला, तुझ्या एकटीवर घर हुतं." मग खाली बघत म्हणाली, "आन् मीबी गपच बसले न्हवं का तिथं खिडकीत. मी म्हणले असते, न्हाई, धाड मिरजंला, तर तू धाडलं असतंस. पर माल माझ्याबी रॅकवर हुता. त्या राती दोनदा उठून बघितलं मी त्यास्नी. तिसऱ्यांदा डोळा लागला."

मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, रडणाऱ्यांचाही मला संशय येतो. आक्कानं मला रडू दिलं, जवळ बिवळ घेतलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. मग तिनं हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितला.

चहा झाल्यावर मी तक्ता काढला. आधी मूळ नोंद, मग खरी तक्रार, परिणाम, माहिती देणाऱ्याचं नाव, आणि शेवटचा रकाना मूळ नोंद करणाऱ्याचा. मी काय करणार आहे ते तिला सांगितलं. चौकशीचं सांगितलं. पेन्शनचं काय होईल ते मला माहीत नाही, हेही सांगितलं.

पहिल्या, म्हणजे आत्तींच्या ओळीवर मी पेन टेकवला तर तिनं कागदावर तळहात ठेवला.

"ही राहू दे. दुसरीपासनं लिव. हितं पित्तच राहू दे, कुणाचं काय अडलंय? दोनच वरसं राहिलीत तुझी."

अकरा वर्षं ती हाच तळहात त्या ओळीवर ठेवून बसली होती, आणि मी त्याला काळंबेरं म्हणत होते. मी तिचा हात उचलला. सवयीनं बोटं मनगटावर गेली. नाडी बहात्तर, एकसारखी. हात मी तिच्या मांडीवर ठेवला आणि लिहिलं.

द्रौपदा लोहार. मूळ नोंद, पित्त. खरी तक्रार, छातीत दुखणे, डावा हात जड. परिणाम, दुसऱ्या दिवशी पहाटे मृत्यू. माहिती देणार, शालन लोहार, सून. मूळ नोंद करणार, रोहिणी लोहार, परिचारिका, धाकटी सून. नात्याला रकाना नव्हता, तो मी समासात लिहिला.

आक्का माझ्या लिहित्या हाताकडे बघत होती. सही झाल्यावर तिनं भिंतीला उशी लावली आणि पाठ टेकली. चाळीस वर्षं ती शेडमध्ये निवडणीला बसलीय. या पंचक्रोशीतली एकेक बाई तिच्या शेजारी कधी ना कधी मांडी घालून बसून गेलीय.

"आता म्होरचं नाव वाच," ती म्हणाली.

"सोनाबाई कदम. वय एक्कावन्न. खालची आळी."

"त्याच हप्त्यात गेली ती. अंगणात. लिव."

तुम्हाला नक्की आठवतंय का, असं मी तिला विचारलं नाही. मी लिहिलं.